पिंजऱ्यावरची चिठ्ठी आणि पिंजऱ्यातला पोपट

महाराष्ट्रातल्या असंख्य घरांच्या गॅलरीत जे लहानसे हिरवे-पिवळे-निळे पक्षी जोडीजोडीने पिंजऱ्यात दिसतात आणि ज्यांना आपण बिनदिक्कत 'लव्हबर्ड' म्हणतो, ते लव्हबर्ड नसतातच. ते असतात बजरीगार, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या माळरानांवर थव्याने हिंडणारे छोटे पोपट. खरा लव्हबर्ड मूळचा आफ्रिकेतला, आखूड शेपटीचा, जाड चोचीचा आणि अंगाने बराच भरलेला. ही चूक आता इतकी रुळली आहे की दुकानदारही ती कोणाला फसवायचे म्हणून करत नाही. त्याच्या वडिलांच्या दुकानातही हेच नाव चालत होते. यातून कोणाचे फारसे बिघडत नाही, हेही खरे. मात्र या निरुपद्रवी चुकीतून या बाजाराची एक सवय उघडी पडते. पोपटाला कोणते नाव द्यायचे हे विकणारा ठरवतो, घेणारा ते नाव घेऊन घरी येतो, आणि ते नाव बरोबर आहे की नाही हे पाहणारा तिसरा कोणी मध्ये नसतो.

नाव चुकण्यापर्यंत ठीक होते. गेल्या काही वर्षांत पोपटांच्या बाजारात नावापलीकडची एक नवी शब्दसंपत्ती आली आहे: हँडफेड, फुल टेम, डीएनए, रिंगवाला, प्रूव्हन पेअर, स्प्लिट, इम्पोर्टेड, पेपरसहित. हे शब्द मोबाइलवरच्या जाहिरातीत फोटोखाली एका ओळीत येतात आणि ऐकणाऱ्यावर छाप पाडतात, कारण त्यांना शास्त्राचा वास आहे. माझे म्हणणे असे की यांतला जवळजवळ प्रत्येक शब्द अर्धा खरा असतो आणि फसवणूक त्याच्या उरलेल्या अर्ध्यात लपलेली असते. विकणारा ज्या अर्थाने शब्द वापरतो त्याहून मोठ्या अर्थाने घेणारा तो ऐकतो. म्हणून 'सावध राहा' एवढाच सल्ला ग्राहकाला देऊन हा प्रश्न सुटणारा नाही. जो शब्द किंमत वाढवतो, त्या शब्दाचा पुरावा लेखी देण्याची जबाबदारी विकणाऱ्यावर कायद्याने टाकली गेली पाहिजे. तसे का, हे एकेका शब्दाची उलटतपासणी केल्यावर कळते.

'हँडफेड' या शब्दापासून सुरुवात करणे योग्य, कारण सर्वांत जास्त भुरळ तोच घालतो. पिल्लाला आईबापांऐवजी माणसाने सिरिंजने किंवा चमच्याने भरवले, म्हणून ते माणसाला घाबरत नाही, एवढाच त्याचा अर्थ. घेणारा मात्र त्यातून आणखी एक गोष्ट गृहीत धरतो, ती म्हणजे हे पिल्लू पिंजऱ्यात, एखाद्या ब्रीडरकडे (पक्ष्यांची पैदास करणाऱ्याकडे) जन्मले असणार. येथेच घात होतो. झाडाच्या ढोलीतून, डोळे उघडण्याच्या आधी किंवा नुकते उघडल्यावर काढलेले रानातले पिल्लूही माणसाच्याच हातून खाते आणि तितकेच माणसाळते. किंबहुना ज्यांची घरटी लुटली गेली तीच पिल्ले बाजारात सर्वांत 'टेम' ठरतात, कारण ती सर्वांत लवकर माणसाच्या हाती पडलेली असतात. पिल्लू हातावर बसते, खांद्यावर चढते, मान खाजवून घेते, यावरून त्याचा जन्म कोठे झाला हे काहीही सिद्ध होत नाही. ज्या खुणेला आपण चांगल्या ब्रीडरची खूण समजतो, ती चोरट्या व्यापाराला सर्वांत सहज वापरता येणारी खूण आहे.

आपल्याकडच्या हिरव्या, गळ्यात गुलाबी-काळे वलय असणाऱ्या पोपटाबाबत तर हा शब्द थेट गुन्ह्यावर पांघरूण घालतो. हा पोपट, त्याहून मोठा आणि खांद्यावर तांबडा डाग असलेला 'पहाडी', जांभळट डोक्याचा तुईया, सह्याद्रीतला निळ्या पंखांचा पोपट, हे सारे भारतीय पक्षी आहेत आणि वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये त्यांना पकडणे, विकणे, विकत घेणे आणि पाळणे बेकायदेशीर आहे. देशी पक्ष्यांच्या व्यापारावर १९९०-९१ पासून पूर्ण बंदी आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर अनुसूचींची फेरमांडणी झाली आणि दंडाची कमाल रक्कम पंचवीस हजारांवरून एक लाख रुपयांपर्यंत गेली. तीन वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद आधीपासून होतीच. तरीही दर वर्षी थंडी सरता सरता, पोपटांच्या विणीचा हंगाम सुरू झाला की बाजारात 'घरी वाढवलेली', 'फार्मवरची' हिरवी पिल्ले येऊ लागतात. 'फार्म' हा शब्द येथे मुद्दाम वापरला जातो, कारण पोल्ट्री फार्मवर कोंबडी वाढवणे जसे कायदेशीर, तसेच पोपटाचेही असणार, असा समज तो आपोआप निर्माण करतो. कायदा मात्र हा भेद मानत नाही. देशी वन्य पक्षी कायद्याचे उल्लंघन करून बंदिवासात ठेवला किंवा बंदिवासात जन्माला घातला, तरी तो शासनाची मालमत्ता ठरतो. म्हणजे विकणाऱ्याने पिल्लू खरोखरच पिंजऱ्यात जन्माला घातले असेल आणि तो एक अक्षरही खोटे बोलत नसेल, तरी ते विकत घेणारा गुन्हेगारच ठरू शकतो.

याच पक्ष्याच्या निळ्या, पिवळ्या, पांढऱ्या रंगभेदांना 'एक्झॉटिक' म्हणून विकण्याची पद्धत आता चांगलीच रुजली आहे. हिरवा ठेवला तर गुन्हा, निळा ठेवला तर शौक, असे जाहिरातदार ठामपणे सांगतात, आणि कोणी फारच खोलात गेला तर हा 'आफ्रिकन रिंगनेक' आहे अशी मखलाशी पुढे येते. कायद्याच्या अनुसूचीत प्रजातीचे शास्त्रीय नाव आहे, पिसांच्या रंगाचे नाही. गोरी म्हैस जन्माला आली म्हणून तिला कोणी गाय म्हणत नाही. ज्याला हा व्यवहार निर्धोक वाटतो, त्याने विक्रेत्याकडून 'हा पक्षी वन्यजीव कायद्याच्या कक्षेत येत नाही' असे सही-शिक्क्यासह लिहून मागावे. तोंडाने जे धडाधड सांगितले जाते ते कागदावर उतरवताना हात कसा आखडतो, हे लगेच दिसेल.

हँडफेड शब्दाची दुसरी बाजू पिल्लाच्या जिवाशी संबंधित आहे. अनेक विक्रेते पिल्लू स्वतःहून दाणे फोडायला शिकण्याच्या आधीच विकतात आणि सोबत भुकटीचा डबा व सिरिंज देतात. यामागे एक लोकप्रिय समजूत उभी केली गेली आहे: तुम्ही स्वतः भरवाल तर ते तुम्हालाच आई मानेल, जन्मभर तुमचेच होऊन राहील. हे विक्रेत्याच्या सोयीचे तत्त्वज्ञान आहे. भरवण्याचे कष्टाचे आठवडे त्याचे वाचतात, पिंजरा लवकर रिकामा होतो, आणि पिल्लू मेले तर दोष घेणाऱ्याच्या माथी मारता येतो. भुकटीचे मिश्रण चाळीस अंशांच्या आसपास असावे लागते. थोडे गार झाले तर गळ्याखालच्या अन्नपिशवीत ते साचून आंबते, थोडे जास्त गरम झाले तर आतून भाजते, आणि सिरिंजचा कोन चुकला तर ते श्वासनलिकेत जाते. माझ्या भाच्याने चार वर्षांपूर्वी असेच एक कॉकाटीलचे, म्हणजे तुरेवाल्या छोट्या परदेशी पोपटाचे, पिल्लू आणले होते, ज्याला बाजारात सर्रास 'कॉकटेल' म्हणतात. विक्रेत्याने दोन मिनिटांत सिरिंज धरून दाखवली आणि 'काही नाही, पटकन जमते' असे सांगितले. चौथ्या दिवशी संध्याकाळी पिल्लू गेले. पक्ष्यांवर उपचार करणारा पशुवैद्य शोधून त्याच्यापर्यंत पोहोचेतो उशीर झाला होता. अन्नपिशवी भाजून तिला भोक पडल्याचे त्यांनी दाखवले. विक्रेत्याला फोन केला तेव्हा त्याने शांतपणे सांगितले, "साहेब, मी हँडफेड म्हणूनच दिले होते." तो खोटे बोलत नव्हता. भाच्याला 'हँडफेड' म्हणजे भरवून झालेले वाटले होते, विक्रेत्याच्या लेखी ते भरवत राहायचे होते.

कॉकाटील साधारण सात-आठ आठवड्यांत स्वतः खाऊ लागतो. आफ्रिकन ग्रे या राखाडी पोपटाला तीन-चार महिने लागतात, मोठ्या मकाऊला त्याहूनही अधिक. त्यामुळे 'हँडफेड आहे का' हा प्रश्न निरुपयोगी आहे. 'गेला आठवडाभर ते सिरिंजशिवाय जगते आहे का, आणि त्या आठवड्यात त्याचे रोजचे वजन किती होते' असा तो विचारायला हवा. ज्याच्याकडे वजनाची नोंद नाही, त्याला पिल्लू सिरिंजपासून सुटले आहे की नाही हे स्वतःलाही ठाऊक नसते.

आता 'डीएनए' घेऊ. "डीएनए केलेला आहे" हे वाक्य ऐकताच आरोग्य, वंश, शुद्धता यांची सगळी हमी मिळाली, असे सामान्य माणसाला वाटते. प्रत्यक्षात या चाचणीत रक्ताच्या थेंबावरून किंवा उपटलेल्या पिसाच्या मुळावरून पक्षी नर की मादी एवढेच ठरते. पक्ष्यांत मादीकडे दोन भिन्न लिंगगुणसूत्रे असतात आणि नराकडे दोन सारखी, या फरकावर ती चाचणी उभी आहे. ती उपयोगी आहे, यात शंका नाही. बाजारातल्या बहुतेक लव्हबर्डमध्ये नर-मादी डोळ्यांनी ओळखता येत नाहीत, आणि 'प्रूव्हन पेअर' (आधी पिल्ले दिलेली जोडी) म्हणून घेतलेल्या जोडीने एकाच वेळी आठ-दहा अंडी घातली व एकही फुटले नाही, की दोन्ही माद्याच होत्या हा उलगडा फार उशिरा होतो. मात्र तिचा रोगाशी काडीचाही संबंध नाही. पिसे आणि चोच कुरतडणारा पीबीएफडी, पिल्लांना झपाट्याने मारणारा पॉलिओमा विषाणू, आणि माणसालाही न्यूमोनिया देऊ शकणारा सिटॅकोसिस यांच्या तपासण्या वेगळ्या असतात, त्या वेगळ्या मागाव्या लागतात आणि त्यांचे पैसेही वेगळे पडतात. म्हणूनच जाहिरातीत त्यांचे नाव क्वचितच दिसते.

त्याहून महत्त्वाचा प्रश्न असा की ते डीएनएचे कार्ड कोणत्या पक्ष्याचे? कार्डावर पक्ष्याचा फोटो असला तरी एकाच वयाचे दोन राखाडी पोपट फोटोत सारखेच दिसतात. कार्डाला पक्ष्याशी बांधणारी एकच गोष्ट असते, ती म्हणजे पायातल्या रिंगचा क्रमांक. रिंगेचे पुन्हा दोन प्रकार. अखंड रिंग पिल्लू जेमतेम दहा-पंधरा दिवसांचे असताना, पाय लहान आणि मऊ असतानाच, बोटे जुळवून सरकवावी लागते. पाय मोठा झाल्यावर योग्य मापाची अखंड रिंग घालताही येत नाही आणि काढताही येत नाही. फटीची रिंग मात्र कोणत्याही वयात, कोणत्याही पक्ष्याच्या पायात चिमट्याने बसवता येते, आजच्या मेलेल्या पक्ष्याच्या पायातून उद्या दुसऱ्याच्या पायात घालता येते. 'रिंगवाला आहे' या शब्दांत हा फरक सांगितला जात नाही, आणि साऱ्या साखळीचे वजन नेमके त्याच कडीवर असते. अखंड रिंग असेल तर डीएनएच्या कार्डाला अर्थ. रिंग फटीची असेल तर ते कार्ड म्हणजे अनोळखी माणसाच्या हातात दिलेले दुसऱ्याचे रेशनकार्ड. अखंड रिंगसुद्धा मापापेक्षा मोठी असेल तर वाढलेल्या पक्ष्याच्या पायात सरकू शकते, म्हणून ती पायावर सैल लोंबते की नेमकी बसते, हे हात लावून पाहावे. आणि रिंगवरची अक्षरे ब्रीडरने स्वतःच ठरवून कोरून घेतलेली असतात, हे विसरू नये. क्रमांक असणे म्हणजे तो क्रमांक कोणाच्या तरी नोंदवहीत असणे नव्हे. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, ही म्हण या रिंगांना अक्षरशः लागू पडते.

'स्प्लिट' या शब्दाची गंमत थोडक्यात सांगण्याजोगी आहे, कारण येथे विक्रेत्याचे अज्ञानही विकले जाते. एखाद्या पक्ष्याच्या अंगात एखादा रंग सुप्त असून तो बाहेर दिसत नसेल, तर त्याला त्या रंगाचा स्प्लिट म्हणतात, आणि दिसत नसलेल्या या रंगासाठी जादा पैसे घेतले जातात. कॉकाटीलमधला पिवळसर पांढरा ल्युटिनो किंवा ठिपकेदार पर्ल हे रंग लिंगगुणसूत्राशी जोडलेले आहेत. मादीकडे ते गुणसूत्र एकच असल्यामुळे तो रंग तिच्यात एक तर दिसतो किंवा नसतोच. ती ल्युटिनोची स्प्लिट असूच शकत नाही. तरीही 'स्प्लिट ल्युटिनो मादी' या जाहिराती राजरोस दिसतात. पर्ल नराचे ठिपके पहिल्या-दुसऱ्या पिसेझडीत बहुतेक निघून जातात, हेही घेणाऱ्याला कोणी सांगत नाही. वर्षभरानंतर पिंजऱ्यात साधा करडा पक्षी बसलेला पाहून घरच्यांना वाटते की कोणी पक्षीच बदलला.

वयाची लेबले तपासायला मात्र कागद लागत नाही, डोळे पुरतात. आफ्रिकन ग्रेच्या पिल्लाची बुबुळे गडद राखाडी, जवळजवळ काळी असतात आणि पुढे वर्ष-दोन वर्षांत ती फिकट पिवळी होत जातात. पिवळ्या डोळ्यांचा पक्षी 'तीन महिन्यांचे बाळ' म्हणून कोणी दाखवत असेल, तर तो कदाचित मालकाने कंटाळून परत दिलेला, चावरा झालेला मोठा पक्षी असतो. त्याला घरी आणणे वाईट नव्हे. उलट अशा पक्ष्यांना घर मिळायलाच हवे. पण आपण काय आणतो आहोत हे माहीत असून आणणे वेगळे. बोलण्याच्या हमीबद्दलही असेच. तीन महिन्यांचे ग्रे 'टॉकिंग' असू शकत नाही, आणि पुढे बोलेलच असे कोणताही ब्रीडर सांगू शकत नाही. पोपट बोलतो म्हणून आपण त्याला घरी आणतो, आणि मग पोपटपंची करतो तो विक्रेता.

कागदपत्रांचा प्रश्न सर्वांत गुंतागुंतीचा आहे आणि त्यावर थोडे थांबले पाहिजे. परदेशी पोपटांच्या जाहिरातीत 'साइटीस पेपरसहित' हे शब्द हमखास असतात. साइटीस हा वन्य प्राणी व वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणारा करार आहे. तो १९७५ पासून अमलात आला आणि भारत १९७६ पासून त्याचा सदस्य आहे. जवळजवळ सगळे पोपट त्याच्या कुठल्या ना कुठल्या परिशिष्टात येतात. बजरीगार, कॉकाटील, गुलाबी चेहऱ्याचा लव्हबर्ड आणि आपल्याकडचा गळ्यात वलय असणारा हिरवा पोपट हे त्याला अपवाद. त्यामुळे 'साइटीस पेपरसहित कॉकाटील' असे कोणी म्हणाले, तर त्याला एक तर काही कळत नाही किंवा आपल्याला काही कळत नाही असे त्याला वाटते. उरलेल्या पक्ष्यांच्या बाबतीत, साइटीसचा परवाना हा सीमा ओलांडण्याचा परवाना आहे. तो त्या आयातीतल्या, त्या संख्येच्या पक्ष्यांपुरता असतो. त्या पक्ष्यांची भारतात जन्मलेली पिल्ले, त्यांचीही पिल्ले, यांना तो लागू होत नाही. तरीही आयातीच्या एका जुन्या परवान्याची झेरॉक्स वर्षानुवर्षे नव्या नव्या ग्राहकांच्या हाती ठेवली जाते, आणि इंग्रजी शिक्का पाहून माणूस निर्धास्त होतो.

२०२० च्या जूनमध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने परदेशी प्रजाती बाळगणाऱ्यांना सहा महिन्यांत स्वतःहून माहिती देण्याची मुभा दिली. त्या मुदतीत नोंद करणाऱ्यांकडे पक्षी कोठून आला याचे कागद मागितले जाणार नव्हते. योजना व्यवहार्य होती, पण तिच्यामुळे एक प्रमाणपत्र जन्माला आले ज्याचा अर्थ 'हा पक्षी माझ्याकडे आहे असे मी सांगितले' एवढाच होता. बाजारात ते 'हा पक्षी कायदेशीर मार्गाने आला' या अर्थाने फिरते आहे. पुढे २०२२ च्या दुरुस्तीने साइटीसची परिशिष्टे कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत आली, आणि २८ फेब्रुवारी २०२४ च्या नियमांनी असे पक्षी बाळगणे, हस्तांतरित करणे, त्यांचा जन्म आणि मृत्यू, या सर्वांची नोंद 'परिवेश २.०' या संकेतस्थळावर करणे बंधनकारक झाले. साइटीसच्या पहिल्या, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणाच्या, परिशिष्टातल्या प्रजातींची पैदास करणाऱ्याला मुख्य वन्यजीव रक्षकांकडे परवान्यासाठी अर्ज करावा लागतो. आफ्रिकन ग्रे २०१६ मध्ये जोहान्सबर्गच्या परिषदेत पहिल्या परिशिष्टात टाकला गेला आणि जानेवारी २०१७ पासून तो निर्णय लागू झाला, कारण रानातली त्याची संख्या भयावह वेगाने घसरली होती; एकट्या घानामध्ये १९९० नंतरच्या दोन-अडीच दशकांत नव्वद टक्क्यांहून अधिक. तेव्हा आज ग्रेचे पिल्लू विकणाऱ्याला विचारण्याचा पहिला प्रश्न किंमत हा नसून 'पैदाशीचा परवाना दाखवा' हा आहे, आणि दुसरा 'हस्तांतरणाची नोंद तुमच्या खात्यातून माझ्या नावावर कधी होणार' हा आहे. जो म्हणेल "नंतर करून घ्या, काही होत नाही", त्याच्या नावावर तो पक्षी मुळातच नसण्याची शक्यता मोठी.

येथे कोणी म्हणेल, मग अडचण काय आहे? कायदा आहे, नोंदणी आहे, २०१८ पासून पाळीव प्राण्यांच्या दुकानांना राज्य पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी सक्तीची आहे, ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरुद्ध तरतूद आहे. ग्राहकाने डोळे उघडे ठेवावेत म्हणजे झाले. हा युक्तिवाद मला पटत नाही. ही सगळी व्यवस्था पक्षी कोणाकडे आहे हे विचारते. त्याला विकताना काय सांगितले गेले हे कोणीच विचारत नाही. 'हँडफेड', 'टेम', 'स्प्लिट', 'प्रूव्हन' यांची कायद्यात व्याख्या नाही, म्हणून त्यांचा भंगही होत नाही. ग्राहक आयोगाकडे जायचे तर पावती लागते, आणि या बाजारात पावती हा प्रकार बहुतेक ठिकाणी अस्तित्वातच नाही. असलीच तर तिच्यावर 'पक्षी १ नग' एवढेच लिहिलेले असते. ज्याने देशी पोपट घेतला त्याची तर तक्रार करण्याचीही सोय नाही, कारण तक्रारीचा पहिला परिच्छेदच त्याचा स्वतःचा कबुलीजबाब ठरेल. फसवणाऱ्याला याहून सुरक्षित बाजार कोणता मिळणार? मराठीत फजितीला 'पोपट होणे' का म्हणतात याची व्युत्पत्ती काहीही असो, येथे तो शब्द आपल्या मूळ जागी परत आलेला दिसतो.

शुकनलिका न्यायाचा दृष्टांत आपल्या परंपरेत प्रसिद्ध आहे. फिरत्या नळीवर पोपट बसतो, नळी फिरते, तो उलटा लटकतो आणि आपल्याला कोणी तरी धरले आहे असे समजून ती नळीच घट्ट पकडून राहतो. पारध्याला जाळे टाकावेच लागत नाही. या बाजारात नळीला धरून राहणारा ग्राहक असतो. एकदा पैसे मोजले की लेबल खरे असावे असे त्यालाच वाटू लागते. 'मेल' (नर) म्हणून घेतलेल्या पक्ष्याने अंडे घातले तरी तो आधी स्वतःलाच समजावतो. त्यामुळे घेणाऱ्याच्या शहाणपणावर सगळा भार टाकणारी व्यवस्था मला अपुरी वाटते.

दुसरीकडे हे कसे हाताळतात हे पाहण्यासारखे आहे. युरोपीय संघाच्या नियमांनुसार सर्वाधिक संरक्षण असलेल्या यादीतला, बंदिवासात जन्मलेला पक्षी विकायचा असेल तर त्याच्या पायात विशिष्ट क्रमांकाची अखंड रिंग असावी लागते. शरीररचनेमुळे ते शक्य नसेल तर मायक्रोचिप. आणि त्या क्रमांकाचे प्रमाणपत्र नसेल तर विक्रीच करता येत नाही. ब्रिटनने बाहेर पडल्यावरही तीच पद्धत चालू ठेवली. तेथे फसवणूक होत नाही असे मुळीच नाही. पण तेथे कागद, क्रमांक आणि पाय ही तीन ठिकाणे एकमेकांशी जुळवता येतात, आणि जुळली नाहीत तर उत्तर विकणाऱ्याला द्यावे लागते. आपल्याकडे एवढेच हवे आहे. परदेशी पोपटाच्या प्रत्येक विक्रीला छापील पावती, तिच्यावर प्रजातीचे शास्त्रीय नाव, अखंड रिंगचा क्रमांक, जन्मतारीख, आईबापांच्या रिंगांचे क्रमांक, स्वतः खाऊ लागल्याची तारीख, झालेल्या तपासण्यांची नावे, आणि जेथे लागू असेल तेथे परिवेशवरचा नोंदणी क्रमांक. जाहिरातीत वापरलेला जो शब्द या पावतीवर नाही, तो वापरणे ही दिशाभूल मानली जावी.

यावर छोट्या ब्रीडरांचा आक्षेप मला ठाऊक आहे आणि तो मी हलका मानत नाही. घराच्या गच्चीवर दहा-बारा जोड्या सांभाळणाऱ्या माणसाला कागदपत्रांच्या ओझ्याने व्यवसाय सोडावा लागेल, आणि मग बाजार मोठ्या व्यापाऱ्यांच्या हाती जाईल, असे ते म्हणतात. शिवाय बंदिवासातली पैदास थांबली तर रानावरचा ताण वाढेल, हेही त्यांचे म्हणणे असते. बजरीगार आणि कॉकाटील यांच्या बाबतीत हा दुसरा मुद्दा पूर्णपणे खरा आहे. आज जगभरच्या पिंजऱ्यांतले हे पक्षी पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यातच जन्मले आहेत आणि ऑस्ट्रेलियाने आपल्या देशी पक्ष्यांची व्यापारी निर्यात कधीच बंद केली आहे. ग्रे किंवा दुर्मिळ मकाऊ यांच्या बाबतीत मात्र पैदासीचे लेबल खरे आहे हे दाखवता आले तरच तो मुद्दा टिकतो, नाही तर ते लेबलच रानातून आलेल्या पक्ष्याला धुऊन देणारे साबण ठरते. आणि ओझ्याबद्दल म्हणाल, तर प्रामाणिक ब्रीडरकडे ही माहिती आधीच असते.

सांगली जिल्ह्यातले एक गृहस्थ कॉन्युर (लहान रंगीत परदेशी पोपट) आणि कॉकाटील यांची पैदास करतात. त्यांच्याकडे मी पहिल्यांदा गेलो तेव्हा पक्षी पाहायच्या आधी त्यांनी रेघांची, दोनशे पानी, कोपरे दुमडलेली वही पुढे केली. प्रत्येक पिल्लाचे एक पान: अंडे फुटल्याची तारीख, रिंगचा क्रमांक, आईबापांचे क्रमांक, रोज सकाळचे वजन ग्रॅममध्ये, कोणत्या दिवशी पहिल्यांदा स्वतः दाणा फोडला. एका पानावर लाल शाईत 'अन्नपिशवी रिकामी होत नाही, डॉक्टरांना दाखवले' असे लिहून त्या पिल्लाची विक्री दीड महिना थांबवल्याची नोंद होती. दुसऱ्या एका पानावर पिल्लाचे वजन तीन दिवस सलग घटल्यावर पुन्हा सिरिंज सुरू केल्याचे लिहिले होते, आणि ज्याने ते पिल्लू आगाऊ पैसे देऊन बोलून ठेवले होते त्याला 'अजून नाही' असे कळवल्याची तारीखही होती. मी त्यांना विचारले, उद्या सरकारने हे सगळे पावतीवर लिहून द्यायला सांगितले तर किती त्रास होईल? त्यांनी पान उलटून एकदा मापल्यासारखे पाहिले आणि म्हणाले, "एका पिल्लाला दहा मिनिटे."